कारागोझच्या पडद्यासमोर आपणही बसू या
जर्मनीतल्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
जर्मनीतल्या मराठी मंडळांचे पदाधिकारी आणि सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या बैठका लवकरच सुरू होतील. हॉल कुठला, ढोल-ताशा कुणाचा, मोदक किती, मुलांच्या कार्यक्रमाला किती मिनिटं, ही चर्चा मी अकरा वर्षं ऐकते आहे आणि त्यातली बरीचशी कामं हौसेनं केलीही आहेत. यंदा मुलांच्या कार्यक्रमाच्या यादीत एक नाव घालावं, एवढी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. नाव आहे कारागोझ. तुर्की सावल्यांच्या खेळातला हा टकला, अडाणी, तोंडाळ आणि कायम कडका गडी. "गणपतीत तुर्कांचा खेळ कशाला?" असं मला आताच तिघाचौघांनी विचारून झालंय. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर दोन ओळींत देता येत नाही, म्हणून पत्र जरा लांबणार आहे.

मी बर्लिनच्या नॉयकोल्न भागात राहते. आमच्या खालच्या मजल्यावर एक तुर्की आजी राहतात. सगळी बिल्डिंग त्यांना तेय्झे म्हणते. तेय्झे म्हणजे आईची बहीण, थेट आपली मावशी. आणि आपल्यासारखंच, नातं नसलं तरी वडीलधाऱ्या बाईला खुशाल तेय्झे म्हणता येतं. गेल्या वर्षी रमजानमध्ये एका संध्याकाळी त्यांनी आमचं दार वाजवलं, माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचा हात धरला आणि आम्हा दोघींना गल्लीतल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत घेऊन गेल्या. रोजा सोडून माणसं नुकतीच जमली होती. चहाचे छोटे काचेचे पेले फिरत होते. समोर लाकडी चौकटीत ताणलेलं पांढरं कापड, जेमतेम एक मीटर रुंद. त्यावर कुंडीतल्या लिंबाच्या झाडाचं रंगीत चित्र उजळलेलं. काळी सावली नव्हे हो, रंगीत! हिरवी पानं, पिवळी लिंबं, देवळाच्या रंगीत काचेतून ऊन यावं तशी.

मग पडद्यामागून पिपाणीसारखा एक चिरका घुंघुं आवाज निघाला. नारेके म्हणतात त्या शिट्टीला. झाड थरथरलं आणि वर निघून गेलं. डफ वाजला. डावीकडून टोकदार दाढीचा, नीटनेटका हाजिवात गात गात आला आणि मित्राला हाका मारू लागला. उजवीकडच्या घरातून कारागोझ आधी नुसता ओरडला, मग वरूनच उडी टाकून त्याच्या अंगावर पडला. दोघांची जुंपली. पोरं खिदळायला लागली. माझ्या मुलीला तुर्कीतला एक शब्द येत नव्हता, तरी ती पहिल्या मिनिटालाच हसत होती.

पण मी ज्यासाठी लिहिते आहे तो क्षण पुढे आला. हाजिवात कारागोझला घेऊन नाव-पत्त्याची नोंद करायला जर्मन कचेरीत जातो. टाय लावलेला, चष्मेवाला कारकून विचारतो, "आनमेल्डुंग?" म्हणजे नोंदणी झालीय का. कारागोझला ऐकू येतं, "आनाम गेल्दी." तुर्कीत याचा अर्थ, माझी आई आली. झालं! "आई आली? कुठाय? आई!" असं ओरडत तो पडदाभर धावत सुटला. कारकून पुन्हा "आनमेल्डुंग" म्हणतो, हा पुन्हा दाराकडे धावतो. मुलं हसत होती, त्यांचे आईबाप हसत होते, आणि माझ्या शेजारी तेय्झे हसता हसता पदराच्या टोकानं, म्हणजे डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं, डोळे पुसत होत्या.

परतताना जिन्यात त्या थांबल्या. १९७० साली त्या एकट्या आल्या. इस्तंबूलच्या सिर्केजी स्टेशनवरून गाडीत बसल्या आणि म्युनिकच्या ११ नंबरच्या फलाटावर उतरल्या, वय वीस. तिथून पश्चिम बर्लिनमधल्या रेडिओच्या सुट्या भागांच्या कारखान्यात. म्हणाल्या, "मला तो शब्द खरंच तसाच ऐकू यायचा. प्रत्येक कचेरीत कुणीतरी म्हणायचं, तुझी आई आली. आणि ती काही यायची नाही." पन्नासहून अधिक वर्षं हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, निदान मुलांना तरी नाही. मुलं त्या दिवशी पडद्यासमोर बसली होती, म्हणून त्यांना ते कळलं.

मंडळींनो, आपण "सांस्कृतिक देवाणघेवाण" हा शब्द पत्रिकेवर कितीदा छापतो! त्याचा अर्थ मला त्या जिन्यात कळला.

हा खेळ कुठून आला याच्या दोन गोष्टी सांगतात. लोकांना आवडणारी गोष्ट बुर्सा शहराची. चौदाव्या शतकात सुलतान ओरहान तिथे मशीद बांधत होता. कारागोझ लोहार, हाजिवात गवंडी. दोघांची जुगलबंदी ऐकायला मजूर हत्यारं खाली ठेवून उभे राहायचे, काम पुढे सरकेना, म्हणून सुलतानानं दोघांना मारलं. पुढे त्याला पश्चात्ताप झाला, तेव्हा शेख कुश्तेरी यांनी पडदा बांधून दोघांच्या आकृती त्यावर नाचवल्या. आजही खेळाच्या पडद्याला कुश्तेरीचं मैदान म्हणतात. दुसरी गोष्ट इतिहासाची. १५१७ मध्ये इजिप्त जिंकल्यावर सुलतान पहिला सलीम यानं कैरोमध्ये सावल्यांचा खेळ पाहिला. शेवटच्या मामलुक सुलतानाला वेशीवर फाशी दिल्याचा तो प्रसंग होता. सलीमला तो इतका आवडला की आपल्या मुलाला दाखवायला तो त्या खेळवाल्याला इस्तंबूलला घेऊन गेला. म्हणजे खेळ स्वतःच परदेशातून आलेला. सतराव्या शतकात एवलिया चेलेबी या प्रवाशानं आपल्या वर्णनांत कारागोझचे खेळ आणि खेळवाले नोंदवले, तोवर तो पुरता इस्तंबूलकर झाला होता. रमजानच्या रात्री कॉफीच्या दुकानांत खेळ व्हायचे. जुन्या खेळांचा २८चा संच सांगतात, रोज रात्री एक, फक्त पवित्र कदर रात्रीला पडदा बंद.

आता त्या पडद्यावर कोण कोण येतं ते ऐका, कारण माझा सगळा मुद्दा त्यातच आहे. काळ्या समुद्राकडचा लाझ नावाडी, इतका भरभर बोलणारा की कुणाला मध्ये शब्द घालता येऊ नये. अल्बेनियाचा माळी. इराणी व्यापारी. अरब. आर्मेनियन. ज्यू जुना-बाजारवाला. युरोपियन डॉक्टर. कास्तामोनूचा लाकूडतोड्या बाबा हिम्मेत, खांद्यावर कुऱ्हाड, एवढा उंच की त्याच्याशी बोलायला कारागोझ शिडी लावतो. आणि बाल्कनातून उठून आलेला रुमेलीचा माणूस. त्याला खेळात मुहाजिर म्हणतात, मुहाजिर म्हणजे स्थलांतरित. प्रत्येकजण आपल्या मुलखाचं गाणं घेऊन येतो आणि आपल्या मुलखाच्या हेलात मोडकीतोडकी तुर्की बोलतो. एकच माणूस पडद्यामागे बसून हे सगळे आवाज काढतो. गल्लीतले सगळे शेजारी एका गळ्यात!

आणि नायक? शुद्ध बोलणारा हाजिवात नायक नाही. त्याच्या तोंडी फारसी-अरबी शब्दांची दरबारी भाषा असते, त्याला काव्य येतं, शिष्टाचार येतात, सगळ्यांची कामं तो जमवून देतो. पण प्रेक्षक असतात कारागोझच्या बाजूला, ज्याला त्या भाषेतलं काही कळत नाही. तो प्रत्येक भारी शब्द आपल्या ओळखीच्या शब्दासारखा ऐकतो आणि त्यावरून भलतंच काहीतरी उभं करतो. खेळ चालतो तो या न कळण्यावर. आपल्याकडे तुकोबांनी कानडी बायको आणि मराठी नवरा यांचा अभंग लिहिला आहे, एकाचं उत्तर दुसऱ्याला कळत नाही आणि भलताच घोटाळा होतो. तोच हा रस. सीमेवर, बंदरात, पेठेत राहणाऱ्या माणसाला तो शिकवावा लागत नाही.

म्हणूनच हा खेळ परदेशात गेलेल्या माणसाला चपखल बसला. १९६१च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, पूर्वेकडून येणारे कामगार थांबले, आणि त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला पश्चिम जर्मनीनं तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला. १९७३ मध्ये भरती बंद झाली, पण माणसं राहिली, बायकापोरं आली. त्या घरांत काय व्हायचं ते तेय्झेंचा मुलगा सांगतो. आठ वर्षांचा असल्यापासून तो आईबरोबर डॉक्टरकडे, बँकेत, कचेरीत जायचा, कारण जर्मन फक्त त्याला यायची. घरात मूल हाजिवात झालेलं आणि आई कारागोझ. मुलाला आईची लाज वाटते, आईला मुलाची भीती वाटू लागते. त्या वाचनालयातल्या खोलीत ही उतरंड तासाभरापुरती फिरली. कचेरीत अडखळणारा माणूसच नायक होता आणि त्याचं चुकीचं ऐकणं हेच त्याचं कौशल्य होतं. नातवंडांनी आजीकडे वळून पाहिलं ते मी पाहिलंय.

जर्मनांचाही या खेळाशी जुना संबंध आहे. हेल्मुट रिटर या जर्मन अभ्यासकानं सुलतानाच्या राजवाड्यातल्या नाझिफ बे या खेळवाल्याकडून हे खेळ उतरवून घेतले आणि १९२४ मध्ये त्यांचा पहिला खंड जर्मनीत छापला. म्हणजे कारागोझ जर्मन ग्रंथालयांत पोचला त्यानंतर सदतीस वर्षांनी तुर्की माणसं जर्मन कारखान्यांत आली. शिवाय इथल्या प्रत्येक मुलाला कास्पर हा दांडगट हातबाहुला ठाऊक असतो. आमच्या जर्मन शेजाऱ्यांनी कारागोझला पाहिल्याबरोबर म्हटलं, अरे, हा तर आमचा कास्परच!

खेळ करणारे आजोबा कारागोझमधल्या कलाकाराला म्हणतात तसे हयाली. हयाल म्हणजे कल्पना, सावली. आपला ख्याल त्याच शब्दातून आला. ते नऊ वर्षांचे असताना आईमागून बर्लिनला आले, जन्मभर बसगाड्या दुरुस्त केल्या, निवृत्तीनंतर बुर्साला जाऊन हे काम शिकले. मी आणि मुलगी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा स्वयंपाकघराच्या टेबलावर उंटाचं कातडं पसरलेलं होतं. खरवडून, वाळवून, पुन्हा खरवडून ते इतकं पातळ केलेलं की खिडकीकडे धरल्यावर मागची माझी बोटं दिसत होती. त्यावर त्यांनी आकृती उतरवली, नेव्रेगान नावाच्या बारीक टोकदार सुरीनं कडेकडेनं छिद्रं पाडत गेले. या छिद्रांतून प्रकाश आला की अंगरख्यावरची नक्षी चमकते. मग रंग, दोन्ही बाजूंनी. मग कंबर, मान आणि कारागोझचा तो एक लांब हात तातीनं बांधायचा, जास्त घट्ट नाही, जास्त सैल नाही. मुलीनं गाठ मारली. त्यांनी ती सोडली, काही न बोलता पुन्हा तिच्या हातात दिली. तिसऱ्या खेपेला हात हवा तसा झुलला.

बोलता बोलता ते एकेका वस्तूचं नाव सांगत होते आणि मी प्रत्येक वेळी दचकत होते. पडदा म्हणजे पेर्दे. आकृती म्हणजे तस्वीर. आपली तसबीर! वाद्य देफ, म्हणजे डफ. दिवा शेमा, म्हणजे शमा. शिकवणारा उस्ता. मैदान तर मैदानच. मी एकेक मराठी शब्द सांगत गेले, तसे ते टेबलावर थाप मारत गेले. शेवटी म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं तेय्झेंच्या वरच राहत होतात आणि आमचा निम्मा खेळ तुम्हाला येत होता?"

त्यांचं हे वाक्य मला लागलं. आपण भेंडी, मेथी, पुदिना, डाळिंबं तुर्की दुकानांतून घेतो. दिवाळीच्या फराळासाठी चांगला खारा पिस्ता त्यांच्याकडेच मिळतो हे आपल्यातल्या प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. पण त्यांच्या घरात आपण जातो का? आपण ब्लू कार्डवर आलो, कंपनीनं विमानाचं तिकीट पाठवलं, म्हणून आपल्याला वाटतं की आपली गोष्ट वेगळी. आणि आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर या शेजाऱ्यांबद्दल, त्यांच्या धर्माबद्दल काय काय फिरतं ते तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. मी त्यावर इतकी वर्षं गप्प बसले. आता बसणार नाही.

मुलीची गोष्ट सांगते, म्हणजे कळेल मला हे इतकं मनापासून का वाटतं. ती सहा वर्षांची असताना दुसऱ्या एका शहरातल्या मराठी कार्यक्रमात चार वाक्यं बोलणार होती. आम्ही महिनाभर पाठ करून घेतलं. माइकसमोर ती म्हणाली, "माझी आजोबा पुण्याहून आली." सभागृह हसलं. प्रेमानंच हसलं, मी शपथेवर सांगते, कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. माइक धरलेल्या काकांनी दुरुस्त केलं, तिनं पुन्हा चुकीचं म्हटलं, पुन्हा दुरुस्त केलं, पुन्हा हशा. घरी येताना गाडीत ती जर्मनमध्ये बोलली. दुसऱ्या दिवशीही. मी मराठीत विचारायचं, तिनं जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असं आमच्या घरात तीन वर्षं चाललं. आजीशी फोनवर नुसतं "हो", "नाही", "बाय". असं तुमच्याही घरात असेल. मंडळाच्या पिकनिकला मुलं आपापसांत कुठल्या भाषेत खेळतात ते बघा.

कारागोझच्या प्रत्येक खेळाच्या शेवटी दोन ठरलेली वाक्यं असतात. हाजिवात म्हणतो, तू पडदा मोडलास, पार उद्ध्वस्त केलास, आता जाऊन मालकाला सांगतो. आणि कारागोझ प्रेक्षकांना म्हणतो, आमची कितीही जीभ घसरली असली तरी माफ असावी. शब्द आहे 'सुर्च-इ-लिसान', जिभेची ठेच. कलावंतानं अपशब्दाबद्दल मागितलेली ही रीतसर माफी आहे, शेकडो वर्षं तशीच चालत आलेली. त्या रात्री मुलीनं अर्थ विचारला, मी सांगितला. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, मराठीत म्हणाली, "म्हणजे तो रोज चुकतो आणि रोज सॉरी म्हणतो आणि मग उद्या परत चुकतो?" मी म्हटलं, हो. "आणि लोक येतात?" हो, लोक येतात.

पुढच्या आठवड्यात तिनं पुठ्ठ्याचा कारागोझ कापला आणि आमच्या जेवणाच्या टेबलाखाली चादर लावून खेळ केला. त्यात कारकून विचारतो, "टेर्मीन आहे का?" म्हणजे भेटीची वेळ घेतलीय का. मराठी कारागोझ छाती फुगवून सांगतो, "जमीन? आहे ना, रत्नागिरीला सतरा गुंठे!" हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. गुंठे हा शब्द तिनं तिच्या आजोबांच्या फोनवरच्या भांडणातून उचलला होता. तीन वर्षांनी मी तिचं सलग मराठी ऐकलं, व्याकरणाच्या निदान दहा चुकांसकट, आणि मी एकही दुरुस्त केली नाही.

या खेळात सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. जुन्या खेळांत शिव्या आणि चावट विनोद भरपूर होते, ते मुलांसमोर चालणार नाहीत. आणि शेजाऱ्यांची नक्कल कधी कधी कुत्सित व्हायची. ज्यू कंजूष, भित्रा, अरब ठोंब्या, असली सोंगं आज जशीच्या तशी दाखवता येत नाहीत आणि दाखवूही नयेत. हयाली आजोबा त्या आकृती पेटीत जपून ठेवतात आणि मोठ्या मुलांना काढून दाखवतात. मग सांगतात की ही माणसं त्या गल्लीत राहायची. १९१५ मध्ये आर्मेनियनांचं काय झालं, १९४२च्या संपत्ती-करानं बिगर-मुस्लिमांची दुकानं कशी गेली, १९५५च्या सप्टेंबरात इस्तंबूलमधल्या ग्रीकांच्या घरादारांवर जमाव कसा चालून गेला. पडद्यावर शेजारी राहिला, गल्लीतून गेला. हे सांगताना त्यांचा आवाज बदलतो. असा खेळ दाखवायचा असेल तर असंच सगळं सांगून दाखवावा असं मला वाटतं.

एक सीमा मात्र कारागोझनं फार सुंदर ओलांडली. ग्रीसमध्ये तो कारागिओझिस झाला. तिथे त्याची मोडकी झोपडी पडद्याच्या एका टोकाला आणि पाशाचा वाडा दुसऱ्या टोकाला. मध्ये उपाशी, अनवाणी कारागिओझिस आणि डोंगराकडचा त्याचा रांगडा काका बार्बा योर्गोस. २००९ मध्ये युनेस्कोनं तुर्कस्तानच्या नावे कारागोझची मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली, तेव्हा ग्रीसमध्ये नाराजी उमटली, कारण त्यांना तो आपलाच वाटतो. माझ्या मते दोघांचंही बरोबर आहे. मुलांना मात्र यातला मालकीचा वाद नको, दोन्ही पडदे दाखवावेत.

आता आपल्याकडे वळते. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करत आली आहेत. सोबत कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी. रामायणातले प्रसंग, मागे दिवा, पुढे पडदा. परशुराम आत्माराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात या कलेचं संग्रहालय उभं केलं, आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्यापैकी किती जणांनी हा खेळ प्रत्यक्ष पाहिला आहे? मी तळकोकणातली. माझं माहेर पिंगुळीपासून दीड तासावर. मी पहिल्यांदा सावल्यांचा खेळ पाहिला तो बर्लिनमध्ये, तुर्कीत. हे लिहिताना मला वाईट वाटतं.

तेव्हा माझी मागणी अशी आहे. यंदाच्या गणपतीत अर्धा तास कारागोझला द्या. हयाली आजोबा खेळ करतील, तुर्की आणि जर्मन मिसळून, म्हणजे आपल्या मुलांना कळेल. त्यांना योग्य मानधन द्या. ढोलाच्या भाड्याला आपण घासाघीस करत नाही, इथेही नको. तेय्झे आणि आपापल्या भागातले तुर्की शेजारी यांना पाहुणे म्हणून बोलवा, पहिल्या रांगेत बसवा, मोदक वाढा. आणि त्याच्या आधीचे तीन रविवार मुलांना द्या. आजोबा आणि मी मिळून मुलांकडून आकृती करून घेऊ. उंटाचं कातडं महाग, म्हणून आम्ही बेकिंगचा जाड कागद तेल लावून वापरतो, प्रकाश छान आरपार येतो. प्रत्येक मुलानं आपल्या गल्लीतलं एक माणूस करायचं: पोलिश प्लंबर, सीरियन न्हावी, व्हिएतनामी फुलवाली, आपला पुण्याचा आयटीवाला दादा. त्यांची भाषा मुलांनीच लिहायची. एकच अट, कुणीही कुणालाही मध्येच दुरुस्त करायचं नाही. काका-काकूंना माझी खास विनंती आहे, त्या तीन रविवारी तेवढं पाळा.

पुढच्या वर्षी जमलं तर पिंगुळीच्या कलाकारांना इथे आणू. तिकिटांचा खर्च मोठा आहे, एका मंडळाला झेपणार नाही, चार मंडळांनी वाटून घेतला तर झेपेल. एका संध्याकाळी एकाच सभागृहात दोन पडदे लावू. एकावर राम-रावण, दुसऱ्यावर कारागोझ-हाजिवात. आधी कुणाचा खेळ, हे कलाकारांनीच ठरवावं.

"सणाचं पावित्र्य" हा मुद्दा एका ज्येष्ठ सभासदांनी फोनवर काढला. मी त्यांचा आदर करते. पण टिळकांच्या काळापासून गणपतीच्या मांडवात मेळे, पोवाडे, व्याख्यानं, नाटकं सगळं झालं आहे. आणि कारागोझचा खेळ सुरू होतो तोही देवाचं नाव घेऊनच, "हाय हक" म्हणत. त्यानंतर हाजिवात जे काव्य गातो त्याचा आशय असा की हा पडदा साधा समजू नका, दिसतं ते सगळं मागच्या दिव्यामुळे दिसतं. मांडवात हे चालेल, माझी खात्री आहे.

बैठकीची तारीख कळवा, आम्ही दोघंही येऊ. आजोबा आकृतींची पेटी आणतील, पडद्याची चौकट मी आणेन, हॉलमध्ये फक्त एक टेबल आणि मागे अंधार लागेल. पेटी ठेवायला कोरडी जागा बघून ठेवा. तळघरात ठेवली तर दमट हवेनं कातडं मुडपतं, आणि मग कारागोझचा हात झुलत नाही.

आपली नम्र,
नॉयकोल्नमधली एक आई आणि मंडळाची सभासद